‘दास होल्त्स’: जर्मनमधलं लाकूड लिंगासकट कसं शिकावं

पुण्यात सुरुवातीच्या दोन परीक्षा देऊन मी जर्मनीत आले, तेव्हा ‘होल्त्स’ म्हणजे लाकूड हे मला माहीत होतं. ‘देर टिश इस्ट आउस होल्त्स’, म्हणजे टेबल लाकडाचं आहे, हे वाक्य मी कितीदा तरी बिनचूक म्हटलं होतं. पण होल्त्सचं लिंग कोणतं, असं कोणी अचानक विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सात-आठ महिने तो शब्द रोज वापरूनही नसतं आलं.

पुढे कारण कळलं. पदार्थांच्या नावांची जर्मनमधली वागणूकच वेगळी आहे. ‘टिश’ हा शब्द दिवसातून दहा वेळा ‘देर’ला सोबत घेऊन कानावर पडतो, त्यामुळे तो पुल्लिंगी आहे हे आपोआप मुरतं. लाकूड, लोखंड, वाळू, लोकर हे शब्द मात्र बहुतेक वेळा आर्टिकलशिवाय येतात, म्हणजे नामाआधीच्या देर (पुल्लिंगी), दी (स्त्रीलिंगी) किंवा दास (नपुंसकलिंगी) या शब्दांशिवाय. आर्टिकल नाही म्हणून लिंग दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून शिकलं जात नाही. मग एखाद्या दिवशी मध्ये एक साधं विशेषण घालायची वेळ येते आणि जीभ अडखळते.

हा लेख त्या अडखळण्यासाठी आहे. एकच शब्द घेऊ, होल्त्स, आणि तो मुळापासून शिकू. तीच पद्धत नंतर बाकीच्या पदार्थांना लावता येते.

आधी उच्चारांबद्दल थोडं. जर्मन शब्द मी देवनागरीत लिहिते आहे, पण वहीत तुम्ही ते मूळ लिपीतच लिहा. होल्त्समधला ‘त्स’ हा शेवटच्या झेड या अक्षराचा उच्चार आहे आणि त्यातला ‘ओ’ ऱ्हस्व आहे. जिथे मी ‘झ’ लिहिला आहे, तिथे ‘झाड’मधला झ समजा. नाम नेहमी मोठ्या अक्षराने सुरू होतं, वाक्याच्या मध्ये आलं तरीही.

हाताशी काय हवं

• जर्मन-जर्मन शब्दकोश. ‘डूडेन’ आणि ‘डे-वे-डे-एस’ हे दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. डूडेनची परंपरा १८८० पासूनची आहे. डे-वे-डे-एस बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा प्रकल्प आहे. शब्द खऱ्या वाक्यांत कसा येतो ते तिथे भरपूर सापडतं.
• एक वही आणि तीन रंगांची पेनं. बऱ्याच वर्गांत पुल्लिंगाला निळा, स्त्रीलिंगाला लाल आणि नपुंसकलिंगाला हिरवा रंग वापरतात. तुम्ही कोणतेही घ्या, फक्त मध्येच बदलू नका.
• घरातल्या कपड्यांची, भांड्यांची, फर्निचरची लेबलं. त्यांचा उपयोग दुसऱ्या पायरीत सांगते.

१. शब्दकोशातली नोंद पूर्ण वाचा

नवा शब्द दिसला की आपण अर्थ बघतो आणि पान मिटतो. पदार्थाच्या शब्दाला एवढं पुरत नाही. नोंदीत चार गोष्टी शोधा: आर्टिकल, षष्ठीचं रूप, अनेकवचन, आणि अनेकवचन नसेल तर तशी सूचना.

होल्त्सची नोंद अशी मिळेल: दास होल्त्स, देस होल्त्सेस, दी ह्योल्त्सर. म्हणजे नपुंसकलिंगी, षष्ठीत ‘एस’ जोडून ‘होल्त्सेस’, आणि अनेकवचनात ‘ओ’वर दोन टिंबं. या टिंबांच्या ‘ओ’साठी देवनागरीत अक्षर नाही. ओठ ‘ओ’ म्हणायला गोल करा आणि आतून ‘ए’ म्हणा, की तो आवाज निघतो.

एक सापळा इथेच आहे. शब्दाच्या शेवटच्या आवाजावरून लिंग ओळखायचा प्रयत्न करू नका. होल्त्ससारखेच संपणारे शब्द बघा: दास झाल्त्स (मीठ), दास हार्त्स (राळ), पण देर फिल्त्स (नमदा) आणि देर पिल्त्स (अळंबी). शेवट सगळ्यांचा ‘त्स’च आहे, तरी लिंगं वेगळी.

२. ‘दास’ पाठ करू नका, ‘ओलं लाकूड’ पाठ करा

या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही आहे.

‘लाकूड’ नपुंसकलिंगी आहे हे आपल्याला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. आजी चुलीपुढे बसून म्हणायची, “ओलं लाकूड नको घालूस गं, धूर होतो.” त्या ‘ओलं’मध्ये लिंग होतं. ‘ओली माती’, ‘ओला कागद’, ‘ओलं लाकूड’ असं ऐकत ऐकत आपण शेकडो पदार्थांची लिंगं शिकलो, एकही तक्ता पाठ न करता. इंग्रजीभाषक माणसाला ही सवय नसते. आपल्याला ती जन्मापासून आहे, आणि जर्मन शिकताना आपण नेमकी तीच बाजूला ठेवतो.

जर्मनमध्येही आर्टिकल नसलं की त्याची खूण विशेषणाला जाऊन चिकटते:

देर असेल तर विशेषणाला ‘-अर’: फाइनर झांट (बारीक वाळू)
दी असेल तर ‘-ए’: राइने झाइदे (शुद्ध रेशीम)
दास असेल तर ‘-एस’: ट्रॉकनेस होल्त्स (कोरडं लाकूड)

श्टुटगार्टजवळच्या ज्या गावात मी पहिली दोन वर्षं राहिले, तिथल्या आमच्या घरमालकीणबाई हिवाळ्यात लाकडाची शेगडी पेटवत. त्या भागात जळणाचं लाकूड चिरून, रचून, वर्ष-दोन वर्षं वाळवतात. एकदा मी ढिगाच्या चुकीच्या बाजूने ओंडके उचलून आणले. त्या म्हणाल्या, “नासेस होल्त्स ब्रेंट श्लेश्ट.” ओलं लाकूड नीट जळत नाही. मला एकदम आजी आठवली. वाक्य तेच, काम तेच, आणि ‘ओलं’च्या जागी ‘नासेस’. त्या दिवसानंतर होल्त्सचं लिंग मी कधी विसरले नाही.

तेव्हा वहीत ‘दास होल्त्स’ असं एकटं लिहू नका. त्याच्या शेजारी एक विशेषण लिहा, खरोखर वापरात असलेलं, आणि ती जोडी मोठ्याने म्हणा. जोड्या शोधायला लांब जावं लागत नाही, कारण दुकानांतली लेबलं त्यांनी भरलेली असतात. स्कार्फवर ‘राइने झाइदे’, पट्ट्यावर ‘एश्टेस लेदर’ (अस्सल चामडं), स्वेटरवर ‘राइने वॉले’ (शुद्ध लोकर). सुरीच्या पात्यावर बहुधा नुसतं ‘रॉस्टफ्राय’ असतं, म्हणजे न गंजणारं. त्यावरून ‘रॉस्टफ्रायर श्टाल’ ही जोडी करून ठेवा, कारण पोलाद पुल्लिंगी आहे.

यातलीही एक अडचण सांगते. लेबलांवर कधीकधी विशेषण प्रत्ययाशिवाय, नामाच्या मागे टाकलेलं असतं: ‘आइशे मासीव’, म्हणजे भरीव ओक. ती व्यापाराची भाषा आहे. बोलताना तशी रचना करू नका, आणि तिच्यावरून लिंगही काढू नका.

३. विभक्तीत काय बदलतं आणि काय बदलत नाही

आर्टिकलसह होल्त्सची चार रूपं:

प्रथमा: दास होल्त्स
द्वितीया: दास होल्त्स
चतुर्थी: देम होल्त्स
षष्ठी: देस होल्त्सेस

‘लाकूड’चं ‘लाकडा-’ होतं तसं सामान्यरूप इथे होत नाही; शब्द एका षष्ठीत सोडला तर तसाच राहतो. शेवटी ‘त्स’ असल्यामुळे नुसता एस जोडून भागत नाही, ‘एस’ असा पूर्ण अक्षरभर उच्चार करावा लागतो: दी फार्बे देस होल्त्सेस, लाकडाचा रंग. जुन्या लिखाणात चतुर्थीत ‘होल्त्से’ दिसतं. ते ओळखता आलं तरी पुरे.

आर्टिकल नसताना सगळा भार विशेषणावर येतो:

प्रथमा आणि द्वितीया: हार्टेस होल्त्स (कठीण लाकूड)
चतुर्थी: हार्टेम होल्त्स

देर-दी-दाससारखं आर्टिकल आलं, की लिंग त्यानेच दाखवलेलं असतं आणि विशेषण सैल पडतं: दास हार्टे होल्त्स, आउस देम हार्टेन होल्त्स. ‘दास हार्टेस होल्त्स’ ही चूक मी सगळ्यांच्या तोंडी ऐकली आहे. दोघांनी मिळून लिंग दाखवायचं नसतं, एकाने दाखवलं की झालं.

द्वितीयेत नपुंसकलिंग आणि स्त्रीलिंग बदलत नाही, पुल्लिंग बदलतं. ‘इश ब्राउखे ट्रॉकनेस होल्त्स’, मला कोरडं लाकूड हवं. पण ‘इश ब्राउखे फाइनेन झांट’, मला बारीक वाळू हवी. फाइनरचं फाइनेन झालं. बांधकामाच्या किंवा सुतारकामाच्या जागी नोकरी असेल तर हा ‘-एन’ दिवसभर लागतो, म्हणून त्याचा वेगळा सराव करा.

४. ‘चा-ची-चं’ सोडा, ‘आउस’ धरा

मराठी माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. ‘लाकडाचं टेबल’ यात आपण षष्ठी वापरतो, म्हणून जर्मनमध्येही षष्ठी किंवा ‘फॉन’ (चा-ची-चं) तोंडात येतं. ‘टिश देस होल्त्सेस’ कोणी म्हणत नाही. ‘फॉन होल्त्स’ही बोलण्यात नको. वस्तू कशाची बनली आहे हे सांगायला ‘आउस’, आणि आउसनंतर नेहमी चतुर्थी.

देर टिश इस्ट आउस होल्त्स.
देर टिश बेश्टेट आउस होल्त्स.
वोराउस इस्ट देर टिश? (टेबल कशाचं आहे?)
आउस वेल्शेम होल्त्स इस्ट देर टिश? (टेबल कोणत्या लाकडाचं आहे?)

मला फार उशिरा कळलेली एक सोय सांगते. आउसनंतर चतुर्थी असल्यामुळे पुल्लिंग आणि नपुंसकलिंग सारखंच दिसतं: आउस हार्टेम होल्त्स, आउस रॉस्टफ्रायेम श्टाल. वेगळं होतं ते फक्त स्त्रीलिंग: आउस राइनर वॉले. म्हणजे या वाक्यात तुम्हाला एकच प्रश्न सोडवायचा आहे, शब्द स्त्रीलिंगी आहे की नाही. असेल तर ‘-अर’, नसेल तर ‘-एम’. बोलता बोलता देर की दास हे आठवत नसेल, तरी वाक्य बरोबर येऊ शकतं.

याचीच दुसरी बाजू अशी, की नुसत्या ‘आउस’च्या वाक्यांवरून देर की दास हे कधीच पक्कं होत नाही. म्हणून दुसऱ्या पायरीतली जोडी प्रथमेत पाठ करायची.

‘लाकडी टेबल’ म्हणायचं असेल तर जर्मन माणूस जोडशब्द करतो: देर होल्त्सटिश. ‘ह्योल्त्सर्न’ असं विशेषणही आहे, त्याचं पहिलं अक्षर लहान. ते लाकडीसाठी चालतं, पण माणसाबद्दल वापरलं तर अवघडलेला, ताठर असा अर्थ होतो. तिसरा शब्द ‘होल्त्सिश’, तो स्वयंपाकघरातला. जून झालेला नवलकोल किंवा शतावरीचा कोंब दाताखाली धागेदार लागतो, त्याला होल्त्सिश म्हणतात.

५. एक लाकूड, दोन लाकडं: मोजायचं कसं

आपण सहज म्हणतो, “दोन लाकडं घेऊन ये.” जर्मनमध्ये होल्त्स मोजत नाहीत. ते पाण्यासारखं किंवा पिठासारखं समजायचं. भरपूर लाकूड म्हणजे ‘फील होल्त्स’, थोडं म्हणजे ‘वेनिश होल्त्स’ किंवा ‘एटवास होल्त्स’, आणि लाकडं संपली म्हणजे ‘विर हाबेन काइन होल्त्स मेअर’. मराठीत ‘लाकडं’ अनेकवचनी आहे म्हणून ‘ह्योल्त्सर’ वापरायचा मोह होतो. तो टाळा. ह्योल्त्सर म्हणजे लाकडाचे प्रकार: ट्रोपिशे ह्योल्त्सर, उष्ण कटिबंधातली निरनिराळी लाकडं.

हे मी दुकानात शिकले. स्वयंपाकघरातला एक खण मोडला होता. घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात जाऊन मी म्हटलं, “इश ब्राउखे आइन होल्त्स.” मला म्हणायचं होतं, एक लाकूड हवंय. विक्रेत्याने अगदी नीट विचारलं, “वास फ्युर आइन होल्त्स?” कोणत्या जातीचं? आणि तो मला नमुन्यांच्या भिंतीपाशी घेऊन गेला: ओक, बीच, स्प्रूस, पाइन. मी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी होते आणि साठ सेंटिमीटर लांबीची फळी काही मागता आली नाही. ‘आइन होल्त्स’ हे व्याकरणात बसतं, पण त्याचा अर्थ ‘लाकडाची एक जात’ असा होतो. मला हवा होता तो शब्द ‘ब्रेट’.

म्हणून होल्त्ससोबत त्याच्या तुकड्यांची नावंही त्याच दिवशी शिका:

आइन श्ट्युक होल्त्स: लाकडाचा तुकडा (मध्ये ‘फॉन’ घालायचं नाही)
दास ब्रेट: फळी
देर बाल्केन: तुळई
देर श्टॉक: काठी
देर आस्ट: फांदी
दास शाइट: जळणासाठी चिरलेला ओंडका

जळणाचं लाकूड विकत घेणार असाल तर मापांचे दोन शब्द नीट बघून घ्या. ‘फेस्टमेटर’ म्हणजे एक घनमीटर भरीव लाकूड, मधली पोकळी धरून न चालता. ‘राउममेटर’ म्हणजे रचलेल्या ढिगाचा एक घनमीटर, फटी धरून. त्यात भरीव लाकूड साधारण ०.७ फेस्टमेटर भरतं. दक्षिणेत राउममेटरला ‘श्टेर’ म्हणतात. भाव कोणत्या मापाचा आहे हे न विचारता पैसे देऊ नका.

मापाचा शब्द आला तरी होल्त्स जसंच्या तसं राहतं: त्स्वाय राउममेटर होल्त्स. पेल्यातल्या पाण्यालाही हाच नियम आहे: त्स्वाय ग्लास वासर. तिथे ‘ग्लेझर’ करायची गरज नसते.

६. जोडशब्दात शेवटचा शब्द लिंग ठरवतो

नियम एका ओळीचा आहे आणि त्याला मी अपवाद बघितलेला नाही. होल्त्स आधी असेल तर लिंग नंतरच्या शब्दाचं: देर होल्त्सटिश, दी होल्त्सट्युर (दार), दास होल्त्सब्रेट, दी होल्त्सकोले (लोणारी कोळसा). होल्त्स शेवटी असेल तर सगळं नपुंसकलिंगी: दास ब्रेनहोल्त्स (जळण), दास बाउहोल्त्स (बांधकामाचं लाकूड), दास श्पेरहोल्त्स (प्लायवूड), दास श्ट्राइशहोल्त्स. शेवटचा शब्द म्हणजे आगकाडी, आणि ती मोजता येते, म्हणून तिचं अनेकवचन खुशाल करा: श्ट्राइशह्योल्त्सर.

झाडांच्या बाबतीत गंमत आहे. झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी: दी आइशे (ओक), दी बूखे (बीच), दी फिश्टे (स्प्रूस), दी टाने (फर), दी बिर्के (बर्च). देर आहोर्न, म्हणजे मेपल, हा ठळक अपवाद. पण झाडाचं लाकूड म्हटलं की ते ‘होल्त्स’ झालं, म्हणून दास आइशेनहोल्त्स. फर्निचरच्या दुकानात दोन्ही ऐकू येतं, आणि प्रत्यय बदलतो: आउस मासीवर आइशे, पण आउस मासीवेम आइशेनहोल्त्स. चौथ्या पायरीतला ‘-अर’ की ‘-एम’ हा प्रश्न इथे प्रत्यक्षात भेटतो.

फर्निचर घेताना आणखी एक बघा. ‘आइशे देकोर’ किंवा ‘नाखबिल्डुंग’ लिहिलेलं असेल तर तो फक्त ओकसारखा दिसणारा छापील पृष्ठभाग आहे.

आपला साग जर्मनमध्ये ‘टीक’ म्हणून गेला आहे, मल्याळममधल्या ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांच्या मार्गे. दास टीकहोल्त्स. चंदन म्हणजे दास झांडेलहोल्त्स, तेही मुळात आपल्या ‘चंदन’चंच लांबचं नातेवाईक. हे दोन शब्द मराठी माणसाला पाठ करावे लागू नयेत.

७. एकच शब्द, दोन लिंगं

इथे लिंग चुकलं तर अर्थच बदलतो, म्हणून ही यादी वेगळी लिहून ठेवा.

दास प्लास्टिक म्हणजे आपलं प्लास्टिक. दी प्लास्टिक म्हणजे शिल्प. संग्रहालयातल्या पाटीवर ‘प्लास्टिकेन’ दिसलं तर ती शिल्पं आहेत.

दास हार्त्स म्हणजे राळ. देर हार्त्स म्हणजे उत्तर जर्मनीतली डोंगररांग, तिचं सर्वांत उंच शिखर ब्रॉकेन, १,१४१ मीटर.

दी कीफर म्हणजे पाइनचं झाड. देर कीफर म्हणजे जबडा. दंतवैद्याकडे जाताना हा फरक उपयोगी पडतो.

देर टोन म्हणजे कुंभाराची मातीही आणि आवाजही. लिंग एकच, पण अनेकवचनं निराळी: मातीचं टोने, आवाजाचं दोन टिंबांचं ‘ट्योने’.

गुम्मी, म्हणजे रबर, शब्दकोश देर आणि दास दोन्ही देतो. खोडरबर मात्र देर राडीरगुम्मी. आपल्याकडेही काही घरांत ‘तो रबर’ तर काही घरांत ‘ते रबर’ म्हणतात, तेव्हा याचं आश्चर्य वाटायला नको.

अनेकवचनात अर्थ बदलणाऱ्यांपैकी एकच सांगते, पण तो कचेरीत हमखास भेटतो. दास पापीर म्हणजे कागद. दी पापीरे म्हणजे तुमची ओळखपत्रं आणि कागदपत्रं.

८. बाकीचे पदार्थ घराण्यांनी शिका

मराठी लिंगावर विसंबून चालत नाही. लाकूड जुळलं: ते लाकूड, दास होल्त्स. दगड जुळतो: तो दगड, देर श्टाइन. लोकर जुळते: ती लोकर, दी वॉले. पण ती काच म्हणजे दास ग्लास, तो कागद म्हणजे दास पापीर, ते रेशीम म्हणजे दी झाइदे, ती वाळू म्हणजे देर झांट. तेव्हा अंदाज बांधायचाच असेल तर जर्मनच्या स्वतःच्या घराण्यांवर बांधा.

धातू बहुतेक सगळे दास: गोल्ट, झिल्बर, आयझेन (लोखंड), कुप्फर (तांबं), ब्लाय (शिसं), त्सिंक (जस्त), मेसिंग (पितळ), आलुमिनियुम. मराठीतही सोनं, तांबं, लोखंड, शिसं, जस्त, पितळ ही सगळी ‘ते’च आहेत, म्हणून हे घराणं आपल्याला सोपं जातं. चांदी तेवढी जुळत नाही. तिच्याऐवजी ‘सोनं-रुपं’मधलं जुनं ‘रुपं’ आठवा, तेही नपुंसकलिंगी आहे. जर्मन बाजूचे दोन अपवाद पाठच करा: देर श्टाल (पोलाद) आणि दी ब्राँसे (कांस्य).

दगड, माती आणि बांधकामाचे पदार्थ बहुतेक देर: श्टाइन, ग्रानीट, मार्मोर, झांट, कीस (खडी), लेम (चिकणमाती), काल्क (चुना), गिप्स, त्सेमेंट, बेटाँग (काँक्रीट). सह्याद्रीचा काळा कातळ, देर बाझाल्ट, याच घरातला.

‘-ए’वर संपणारे पदार्थ बहुतेक दी: वॉले, झाइदे, बाउमवॉले (कापूस, शब्दशः झाडाची लोकर), पापे (पुठ्ठा), कोले (कोळसा), क्राइदे (खडू). पण सगळीच कापडं इथे ढकलू नका: देर झाम्ट (मखमल), दास लाइनेन (लिननचं कापड).

‘-श्टॉफ’वर संपणारे सगळे देर, कारण देर श्टॉफ: कुन्स्टश्टॉफ (प्लास्टिकचा रोजचा शब्द), क्लेबश्टॉफ (चिकटवण्याचा पदार्थ), झाउअरश्टॉफ (प्राणवायू).

सरावाची माझी आवडती जागा म्हणजे गावातलं टाकाऊ वस्तू वेगळ्या करून घेणारं केंद्र, ‘वेर्टश्टॉफहोफ’. डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: आल्टपापीर, आल्टग्लास, आल्टहोल्त्स, आल्टमेटाल. चारही दास. वस्तू हातात असते, शब्द डोळ्यांपुढे असतो, आणि प्रत्येक वस्तू टाकताना स्वतःशी एक ‘-एस’चं विशेषण जोडायला वेळही असतो.

९. दोन वाक्प्रचार आणि एक धंद्याचा शब्द

‘आउफ देम होल्त्सवेक झाइन’ म्हणजे चुकीच्या समजुतीत असणं. लाकूड ओढून आणायला जंगलात केलेली वाट पुढे कुठेच जात नाही, त्यावरून आलेला प्रयोग. वेक (वाट) पुल्लिंगी, म्हणून ‘देम’. ‘आउफ होल्त्स क्लॉप्फेन’ म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लाकडावर टकटक करणं. इथे आर्टिकल नाही.

सुताराला उत्तरेकडे ‘टिश्लर’ म्हणतात, दक्षिणेत ‘श्राइनर’. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्या भागात जाणाऱ्यांच्या कानावर श्राइनरच जास्त पडेल.

१०. स्वतःची परीक्षा

आठवडाभर रोज पाच जोड्या म्हणून झाल्यावर पुढची वाक्यं उत्तर न बघता पूर्ण करा.

क. स्कार्फ शुद्ध रेशमाचा आहे: देर शाल इस्ट आउस राइन… झाइदे.
ख. सुरी न गंजणाऱ्या पोलादाची आहे: दास मेसर इस्ट आउस रॉस्टफ्राय… श्टाल.
ग. आम्हाला कोरडं लाकूड हवं: विर ब्राउखेन ट्रॉकन… होल्त्स.
घ. आम्हाला बारीक वाळू हवी: विर ब्राउखेन फाइन… झांट.
च. ते कठीण लाकूड महाग आहे: दास हार्ट… होल्त्स इस्ट टॉयर.
छ. मला एक फळी हवी: इश ब्राउखे आइन …

उत्तरं: क. राइनर. ख. रॉस्टफ्रायेम. ग. ट्रॉकनेस. घ. फाइनेन. च. हार्टे. छ. ब्रेट. ‘घ’ किंवा ‘च’ चुकलं असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा, ‘क’ चुकलं असेल तर चौथी, आणि ‘ग’ चुकलं असेल तर ‘नासेस होल्त्स’ आणि ‘ओलं लाकूड’ हे दोन्ही एका श्वासात दहा वेळा मोठ्याने म्हणा.